पाळतीवरचा अंत्वान

पाळत ठेवणाऱ्या माणसाची लायकी एकाच गोष्टीवर ठरते: तो कुणाच्या लक्षात राहता कामा नये. नंतर चौकशी झालीच, तर इमारतीच्या दरवानाने डोकं खाजवत ‘कुणीतरी येऊन गेलं खरं’ एवढंच म्हणायला हवं. आता पॅरिसच्या फुटपाथवरून चाललेला हा विशीतला तरुण पाहा. पुढे एक बाई चालली आहे. ती भरभर निघाली की हा भरभर निघतो. ती थांबली की हा जागच्या जागी खिळतो. तिने मान वळवली की हा झाडाआड होतो, आणि लगेच ती बघतेय का हे पाहायला डोकं बाहेर काढतो. रस्त्यावर इतकी माणसं आहेत, पण त्या बाईला दिसतो तो हा एकटाच. शेवटी ती सरळ पोलिसाकडे जाऊन सांगते, हा माणूस मघापासून माझ्या मागे लागलाय. मग काय, गुप्तहेर पोबारा करतो.

हा अंत्वान द्वानेल. फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘बेझे व्होले’ म्हणजे ‘चोरलेली चुंबनं’ या १९६८ सालच्या चित्रपटाचा नायक. चित्रपटात गुप्तहेरांची एजन्सी आहे, पाळत आहे, नाव बदलून केलेली हेरगिरी आहे, एक मृत्यूही आहे. नाही तो फक्त खून-चोरीचा गुन्हा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारवर वाढलेल्या वाचकाला या माणसाला गुप्तहेर म्हणताना जड जाईल. झुंजार दार उघडायचा आणि पलीकडचे गारठायचे. अंत्वानने दार उघडलं की त्याची स्वतःची नोकरी जाते. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्याची एक नोकरी खरोखरच दार उघडल्यामुळे गेली. तो किस्सा पुढे येईलच.

मुळात याचा स्वभाव लहानपणीच ठरून गेलेला. ‘फोर हंड्रेड ब्लोज’ या नावाने जगभर गाजलेल्या त्रुफोच्या १९५९ सालच्या पहिल्या मोठ्या चित्रपटात हाच अंत्वान शाळकरी पोरगा होता. त्याने सावत्र बापाच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरला. चोरी बिनबोभाट पार पडली. मग तो विकला जाईना, म्हणून साहेब तो परत ठेवायला गेले, आणि ठेवताना पकडले गेले. चोरताना सुटला आणि परत करताना सापडला, असा चोर पोलिसांच्या दप्तरात फारसा नसावा. ही भूमिका करणारा ज्यां-पिएर लेओ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्रुफोने त्याला हाताशी धरून वीस वर्षं हेच पात्र वाढवत नेलं. पाच चित्रपट, एकच नट, एकच माणूस. नट मोठा होत गेला, पात्राचं मात्र वयच वाढलं.

१९६२ साली आलेल्या छोट्या चित्रपटात हा कोलेत नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला आणि थेट तिच्या घरासमोर बिऱ्हाड करून राहिला. मुलगी काही वश झाली नाही, पण तिचे आईवडील याच्यावर बेहद्द खूश. जेवायला बोलावतात, विचारपूस करतात. शेवटी ती दुसऱ्या मुलाबरोबर बाहेर पडते आणि हा तिच्या आईबापांबरोबर टीव्ही बघत बसतो. अशी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. मुलीची आई त्यांना आग्रहाने वाढते, बाप त्यांच्याशी राजकारणावर बोलतो, आणि मुलगी आतल्या खोलीतून ‘आई, मी निघाले गं’ म्हणून निघून जाते. ‘बेझे व्होले’मध्ये मुलगी बदलली, तिचं नाव क्रिस्तीन दार्बों. आईवडीलही बदलले. माया तीच.

तर हा अंत्वान आपल्यासमोर येतो तो लष्करी कोठडीत बाल्झाकची कादंबरी वाचताना. प्रेमभंगाच्या तिरमिरीत स्वखुशीने सैन्यात गेला, तिथे टिकला नाही, आता हाकलला जातोय. अधिकारी त्याला उभा करून झापतो आणि याला हसू आवरत नाही. या प्रसंगामागे दिग्दर्शकाचा स्वतःचा अनुभव होता. त्रुफोही ऐन विशीच्या आत असाच प्रेमभंग पदरी घेऊन सैन्यात भरती झाला होता, पळाला होता, कोठडीत बसला होता आणि अखेर मनाने अस्थिर ठरवून सोडून दिला गेला होता. फरक एवढाच की त्रुफोला पुढे सिनेमा सापडला, आणि अंत्वानला सापडत राहिल्या नोकऱ्या.

पहिली नोकरी क्रिस्तीनच्या वडिलांच्या ओळखीने, मोंमार्त्रमधल्या एका हॉटेलात रात्रपाळीचा कारकून. काम सोपं. किल्ल्या सांभाळायच्या, रात्रभर पुस्तक वाचायचं, कुणालाही नको त्या खोलीत सोडायचं नाही. एका सकाळी दोन गृहस्थ येतात. एक वयस्क, गोड बोलणारा, दुसरा गप्प. वयस्क गृहस्थ काहीतरी पटेलसं सांगतो, आणि अंत्वान त्यांना वर नेऊन एका खोलीचं दार स्वतःच्या हाताने उघडून देतो. आत गप्प गृहस्थांची बायको, आणि तिच्याबरोबर तिसराच कुणी. मग आरडाओरडा, फोडाफोडी, हॉटेलमालकाचं धावत येणं, आणि अंत्वानची सुट्टी.

हा प्रकार नीट समजायला त्या काळचा फ्रेंच कायदा थोडा माहीत हवा. तेव्हा तिथे व्यभिचार हा गुन्हा होता, आणि गुन्ह्यातही उजवं-डावं होतं. बायकोने केला तर तिला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याने केला तर दंड, आणि तोही त्याने बाई राहत्या घरात आणून ठेवली असेल तरच. सहमतीने घटस्फोट मिळत नसे. कुणाची तरी चूक दाखवावी लागे, आणि चूक दाखवायची तर पुरावा हवा. तेव्हा खासगी गुप्तहेरांची चूल पेटायची ती हिऱ्याच्या चोरीवर किंवा बंद खोलीतल्या खुनावर नाही. ती हॉटेलच्या नोंदवह्या आणि पहाटेच्या जिन्यांवर पेटायची. अंत्वानने उघडलेलं दार हा एका रीतसर धंद्याचा रोजचा माल होता.

तो गोडबोल्या वयस्क गृहस्थ म्हणजे मस्यू आंरी, ब्लादी एजन्सीचा मुरलेला गुप्तहेर. आपल्यामुळे पोराची नोकरी गेली याचं त्याला वाईट वाटतं, की इतक्या सहज फसणारा मुलगा हाताशी असावा असं वाटतं, कोण जाणे. पण तो त्याला कॅफेत बसवतो आणि आमच्या धंद्यात ये म्हणतो. फसवणाऱ्याने फसलेल्याला नोकरी द्यावी आणि फसलेल्याने ती आनंदाने घ्यावी, इथूनच अंत्वानची खरी ओळख पटते. त्याला राग धरता येत नाही. तेवढं लक्षच त्याच्या ठायी नसतं.

एजन्सी पाहायला झकास आहे. टेबलं, फायली, फोन आणि समोर बसलेले अशील. इथे कुणी कॉलर वर करून सिगारेट पेटवत नाही. इथे खर्चाची टिपणं लिहिली जातात. हे सगळं इतकं खरं वाटतं याला कारण आहे. त्रुफोचे सहलेखक क्लोद द जिव्ह्रे आणि बेर्नार रव्हों यांनी खऱ्या गुप्तहेरांकडे जाऊन, त्यांच्या धंद्याची खडान्‌खडा माहिती काढून मग पटकथा रचली होती. पुढे त्रुफोने स्वतःसाठीही अशा एका एजन्सीला काम दिलं. त्याला आपला जन्मदाता बाप कोण हे कधी सांगितलं गेलं नव्हतं. एजन्सीने शोध घेतला आणि बायोन गावी जन्मलेल्या एका ज्यू दंतवैद्यापर्यंत माग काढून दिला. त्रुफोने त्या माणसाला ओळख मात्र दिली नाही. पडद्यावरच्या एजन्सीला एक साधी बाई धड पाळतीत ठेवता येईना, आणि खऱ्या एजन्सीने दिग्दर्शकाला त्याचा बाप शोधून दिला.

अंत्वान आळशी आहे असं कुणी समजू नये. आळशी माणूस गुप्तहेर म्हणून कदाचित चालला असता. झाडाखाली बसून राहिला असता, कुणाच्या नजरेत आला नसता. याचा घोळ असा की हा जीव तोडून काम करतो. चालताना तो ‘कुणीतरी चाललंय’ असा चालत नाही, ‘गुप्तहेर चाललाय’ असा चालतो. वाक्य बोलला की जाहीरनामा वाचल्यासारखं बोलतो, कपाळावरची बट मागे सारतो, आणि ऐकणारा गंभीर झाला नाही तर त्यालाच वाईट वाटतं. प्रत्येक नव्या नोकरीत तो आयुष्याचं सार्थक झाल्याच्या चेहऱ्याने दाखल होतो. मागच्या महिन्यात किल्ल्यांवर हीच निष्ठा होती, आता पाळतीवर आहे.

एक अशील येतो. जादूच्या प्रयोगांतल्या एका जादूगाराचा त्याला शोध हवाय. ‘मित्र’ म्हणतो, पण चेहरा सांगतो की प्रकरण मैत्रीपलीकडचं आहे. अंत्वान क्लबात जाऊन त्या जादूगाराला हेरतो. बरोबर क्रिस्तीनला नेलेलं असतं; म्हणजे एका दगडात दोन पक्षी, कामही आणि फिरायला नेणंही. जादूगार निघतो, हाही त्याच्यामागे निघतो, आणि दुसरा पक्षी टेबलाशीच राहतो. या कामगिरीची फलश्रुती अशी की जादूगाराने लग्न केल्याचं अशिलाला एजन्सीच्या कचेरीत कळतं, आणि तो गृहस्थ असा आकांत मांडतो की सगळ्यांना मिळून त्याला आवरावं लागतं. एजन्सीने सत्य शोधून दिलं, पैसे चोख घेतले. अशिलाला मात्र सत्य नको होतं, जादूगार हवा होता. हसता हसता पोटात गलबलतं. त्रुफो तिथे क्षणभरही रेंगाळत नाही, झटक्यात पुढच्या प्रकरणावर जातो. हे त्याचं मला फार आवडतं.

पुढचं प्रकरण म्हणजे मस्यू जॉर्ज तबार. बुटांच्या दुकानाचे मालक. ही भूमिका मिशेल लोन्सदालने केलीय, आणि साऱ्या चित्रपटात इतकं गंभीर तोंड दुसऱ्या कुणाचं नाही. ते एजन्सीत येतात, बसतात आणि तक्रार सांगतात: माझ्यावर कुणी प्रेम का करत नाही, हे मला शोधून हवं आहे. बायको करत नाही, नोकर करत नाहीत, कुणीच करत नाही. धंदा उत्तम आहे, तब्येत उत्तम आहे, मग काय कमी आहे? ते बोलत जातात आणि दोन मिनिटांत आपल्याला उत्तर मिळतं. एजन्सीलाही मिळालेलं असतं. पण अशिलाला तोंडावर कोण सांगणार? शिवाय उत्तर लगेच दिलं तर बिल कशाचं लावायचं? म्हणून ठरतं की दुकानात आपला एक माणूस नोकर म्हणून घुसवायचा. कुणाला? अर्थात अंत्वानला.

आता नोकर घ्यायचा तर तो उघडपणे, स्पर्धा लावून घेतला पाहिजे, नाहीतर बाकीच्या नोकरांना संशय यायचा. म्हणून उमेदवार बोलावतात. परीक्षा अशी: बुटांचा खोका कागदात बांधून दाखवायचा. चित्रपटातला हा माझा सगळ्यात लाडका प्रसंग. उमेदवार रांगेत उभे आहेत, प्रत्येकासमोर खोका, कागद, दोरा. इतरांचे हात सराईत. कोपरे दुमडतात, कडा जुळतात, गाठ बसते, पुडकं तयार. अंत्वान खोक्याभोवती कागद गुंडाळतो, तर एका बाजूला कमी पडतो. फिरवतो, तर आता दुसरी बाजू उघडी. कोपरा दाबावा तर पलीकडचा वर येतो. दोरा कुठून सुरू झाला हे त्याचं त्यालाच सापडत नाही. कपाळावर आठ्या, जीभ ओठांत, आणि अखेरीस खोक्याच्या जागी एक चुरगळलेलं, फुगलेलं गाठोडं तयार होतं, ज्यातून बूट निघतील की भाजी, सांगता येऊ नये. मग परीक्षकांची पाहणी. स्वच्छ, चोख पुडक्यांवरून नजर फिरते, आणि निकाल लागतो: अंत्वान द्वानेल.

बाकीच्या उमेदवारांचे चेहरे बघा. त्यांना वशिला कळतो, हे पुडक्यावरूनच कळतं. पण अंत्वान? लबाडीने आपण निवडून आलो, हे त्याला ठाऊक असतं. तरीही बांधताना त्याने जी मेहनत घेतली ती खोटी नव्हती. निकाल आधीच ठरलाय हे माहीत असून खरा घाम गाळणारा माणूस! मला वाटतं, सरकारी कचेऱ्यांतल्या तोंडी मुलाखतींना बसलेल्या कुणालाही हा प्रसंग परका वाटू नये.

दुकानात तो हेरगिरी करायला जातो आणि हेरगिरी सोडून सगळं करतो. मालकांविषयी विक्रेत्या बायका काय बोलतात हे ऐकण्यापेक्षा मालकीणबाई कशा बोलतात हे त्याला जास्त महत्त्वाचं वाटू लागतं. मालकीणबाई म्हणजे फाबिएन तबार. देल्फिन सेरिगने ही बाई अशी केलीय की अंत्वानचा दोष निम्मा माफ करावा. दुकान बंद झाल्यावर ती एकटी बूट घालून बघत असते आणि हा तिला पाहतो. संपलं. फोनवरून एजन्सीला माहिती द्यायची वेळ येते. पलीकडची बाई कोरडेपणाने वर्णन विचारते, आणि हा सुरू होतो: चेहऱ्याची ठेवण कशी, त्वचेवर आतून प्रकाश असावा अशी झाक कशी. पलीकडून त्याला ठणकावून सांगितलं जातं की आम्हाला अहवाल हवाय, प्रेमपत्र नको.

माझ्या मते अंत्वानच्या नालायकीचं सगळं मर्म या फोनमध्ये आहे. त्याची नजर वाईट नाही. ती चांगली आहे, जरुरीपेक्षा फार चांगली. पण गुप्तहेराने बघायचं ते कोरडं बघायचं: किती वाजता निघाली, कुठल्या दारातून, हातात काय होतं. अंत्वानला कोरडं बघताच येत नाही. ज्याच्याकडे बघायला पाठवाल त्याच्या तो प्रेमात पडतो, किंवा त्याची त्याला दया येते, किंवा त्याचं त्याला हसू येतं. तीनही गोष्टी खर्चाच्या टिपणात मांडता येत नाहीत.

मग तबारांच्या घरी जेवण. मालक उठून जातात, बाई कॉफी ओतते, रेकॉर्ड लावते आणि विचारते, तुम्हाला संगीत आवडतं का? अंत्वान तिच्याकडे बघतो आणि उत्तर देतो, ‘होय, मस्यू.’ बाईला ‘साहेब’! शब्द सुटला तो सुटला. कॉफी सांडते, गुप्तहेर जिन्यावरून धूम ठोकतो. एवढ्यावर हे थांबलं असतं तर कथा एका फजितीची झाली असती. पण बाई त्याला भेटवस्तू पाठवते आणि सोबत चिठ्ठी. तिच्या शिक्षकांनी सौजन्य आणि चतुर समंजसपणा यांतला फरक एका उदाहरणाने शिकवला होता, असं ती लिहिते. एखाद्या पुरुषाने चुकून न्हाणीघराचं दार उघडलं आणि आत बाई उघडी दिसली; तो ‘माफ करा, बाईसाहेब’ म्हणाला तर ते सौजन्य. ‘माफ करा, साहेब’ म्हणाला तर तो समंजसपणा. म्हणजे ज्या शब्दाने अंत्वानची लाज गेली, त्याच शब्दावर तिने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. गरीब बिचारे तबार! बायको इतकी हुशार असल्यावर आपल्यावर कुणी प्रेम का करत नाही हे विचारायला एजन्सीत कशाला जायचं?

अंत्वान उत्तर लिहितो. उत्तरात बाल्झाक येतो, कोठडीत वाचलेली तीच कादंबरी, थोर स्त्रीवरचं अशक्य प्रेम वगैरे. पत्र तो ‘न्युमातीक’ने धाडतो. पॅरिसच्या रस्त्यांखालून दाबलेल्या हवेच्या नळ्या टाकलेल्या होत्या. नळकांड्यात पत्र घालून सोडलं की ते शहराखालून सूं करत दुसऱ्या टपाल कचेरीत निघायचं. ही टपालसेवा १८६६ पासून १९८४ पर्यंत चालली. त्रुफोने त्या नळ्या, त्यांच्यावरच्या रस्त्यांच्या पाट्या आणि पत्राचा तो भुयारी प्रवास दाखवलाय. मला तो पाठलागच वाटतो. साऱ्या चित्रपटात कुठलीही गोष्ट इतक्या सरळ आणि इतक्या वेगाने मुक्कामी पोचत नाही. अंत्वानने आयुष्यात कुणाचा अचूक माग काढला असेल तर तो एवढाच, आणि त्यातही श्रम हवेचे होते.

मधे एकदा तो आरशासमोर उभा राहून नावं घोकतो. फाबिएन तबार, फाबिएन तबार. मग क्रिस्तीन दार्बों. मग स्वतःचं नाव, अंत्वान द्वानेल, पुन्हा पुन्हा, वेग वाढवत, आवाज वाढवत, दम लागेपर्यंत. लेओ हे इतक्या गांभीर्याने करतो की बघणाऱ्याला हसावं की डॉक्टर बोलवावा कळत नाही. तिन्ही नावांची झाडाझडती घेणारा हा त्याचा एकमेव तपास. त्यातून निष्पन्न काही होत नाही, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत मादाम तबार स्वतः हजर. बाल्झाकची थोर स्त्री नव्हे, हाडामांसाची बाई म्हणून आलेय, असं ती बजावते आणि स्वच्छ सौदा मांडते: काही तास एकत्र, त्यानंतर पुन्हा कधीही भेटायचं नाही. व्यवहार म्हणून पाहिलं तर अख्ख्या चित्रपटात याइतका चोख करार ब्लादी एजन्सीनेही केला नसेल. पुढे हे एजन्सीच्या कानावर जायचं ते जातंच. अशिलाने विचारलं होतं बायको माझ्यावर प्रेम का करत नाही, आणि एजन्सीने बिल लावून स्वतःचाच माणूस त्या कामी लावला, असा एकूण जमाखर्च. अंत्वान नोकरीतून गेला.

त्याच सुमारास मस्यू आंरीही जातो. कचेरीत, फोनवर बोलता बोलता, रिसीव्हर हातात धरून. ना गोळी, ना विषप्रयोग, हृदय थांबलं. या धंद्यातला खरा जाणकार तो एकटाच होता. त्याला गोड बोलून दार उघडवता यायचं, आणि स्वतःचा चेहरा समोरच्याच्या आठवणीत ठेवू न देता निघून जाता यायचं. अंत्वान त्याच्या अंत्ययात्रेला जातो. दफनभूमीतल्या त्याच्या चेहऱ्याबद्दल काही लिहीत नाही, बघावा.

एक गंमत सांगायला हवी. हा चित्रपट बनत होता तेव्हा दिग्दर्शकाचंही लक्ष धड ठिकाणावर नव्हतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारने पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयाचे प्रमुख आंरी लांग्लवा यांना हटवलं, आणि त्रुफो निदर्शनं, समित्या, पत्रकं यांत गळ्यापर्यंत बुडाला. मधल्या वेळेत चित्रीकरण. चित्रपट सुरू होतो तोच सिनेमातेकच्या बंद दारावर, आणि तो अर्पणही त्यालाच केलाय. एप्रिलमध्ये लांग्लवा परत आले, मे महिन्यात पॅरिस पेटलं, सप्टेंबरमध्ये चित्रपट झळकला. आणि चित्रपटात काय? तर बुटाचा खोका, सांडलेली कॉफी. बाहेर फरशा उपटून फेकल्या जात होत्या त्या वर्षी हा माणूस टीव्ही दुरुस्त करत होता.

हो, पुढची नोकरी तीच, टीव्ही दुरुस्तीची. आईवडील घरी नसताना क्रिस्तीन मुद्दाम टीव्हीतला एक भाग काढून ठेवते आणि कंपनीला फोन करते. बिघाड शोधायला अंत्वानला रात्र लागते. सकाळी न्याहारीच्या टेबलावर तो तिला शिकवतो की टोस्टवर लोणी लावताना खाली दुसरा टोस्ट ठेवावा, म्हणजे मोडत नाही. इतक्या चित्रपटभरात त्याने कमावलेलं हे एकमेव खात्रीलायक ज्ञान, आणि ते खरंच उपयोगी आहे, करून पाहा. मग बाटली उघडायचं ओपनर तिच्या बोटात अंगठीसारखं घालतो, आणि लग्न ठरतं.

आणि आता तो रेनकोटवाला. अधूनमधून एक गृहस्थ क्रिस्तीनच्या मागे दिसत राहतो. गप्प, नीटनेटका, ठरावीक अंतर राखून. प्रेक्षकाला वाटतं कुठल्यातरी एजन्सीचा असावा. शेवटी बागेतल्या बाकावर अंत्वान आणि क्रिस्तीन बसलेले असताना तो समोर येऊन उभा राहतो आणि शांतपणे तिला सांगतो की माझं तुमच्यावर प्रेम आहे. इतरांची प्रेमं तात्पुरती असतात, माझं कायमचं आहे, मी तुमच्यापासून क्षणभरही दूर होणार नाही. एवढं बोलून चालता होतो. क्रिस्तीन म्हणते, वेडा दिसतोय. अंत्वान म्हणतो, हो, नक्कीच.

आपला गुप्तहेर जिच्याशी लग्न करायला निघालाय तिच्यावर इतके दिवस अस्सल, निर्दोष, धंद्याच्या सगळ्या नियमांना धरून पाळत ठेवली जात होती, आणि याला पत्ता नाही! एजन्सीतली नोकरी गेली ते बरंच झालं. आणि त्या रेनकोटवाल्याचे शब्द ऐकताना अंत्वानचा चेहरा किंचित उतरतो, कारण आरशासमोर उभं राहून आपणही असंच काहीतरी बरळत होतो, हे त्याला आठवत असावं. माझा तरी तसा समज आहे.

द्वानेलची कथा पुढेही चालली. १९७० सालच्या चित्रपटात लग्न, मूल आणि अंगणात पांढऱ्या फुलांना रंग देण्याची नोकरी. १९७९ सालच्या शेवटच्या चित्रपटात घटस्फोट. तोवर ११ जुलै १९७५ चा कायदा आला होता. व्यभिचार गुन्ह्यांच्या यादीतून निघाला, आणि दोघांच्या संमतीने काडीमोड मिळू लागला. अंत्वान आणि क्रिस्तीन अशा रीतीने वेगळं होणाऱ्या पहिल्या जोडप्यांत आहेत. कुणी कुणाच्या मागावर माणूस लावला नाही, पुरावा गोळा केला नाही, ब्लादींच्या धंद्याला त्यातून एक फ्रँकही सुटला नाही. त्या वेळी अंत्वान एका छापखान्यात प्रुफं तपासतो: दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वतःच्या चुकांची त्याने कादंबरी लिहिली आहे, आणि ती छापूनही आली आहे.